नमुना एकोणचाळीस

फेब्रुवारीत, संत हरालाम्पीच्या दिवशी,
इथे चर्चमध्ये मधाच्या बरण्या मांडतात,
प्रत्येक बरणीवर एक मेणबत्ती.
साथीच्या रोगांना दाव्याला बांधून ठेवणारा संत तो.
त्याच्यापुढचा मध मग वर्षभर पुरवायचा,
घशाला, भाजलेल्या बोटाला, तापाला.

त्यातलीच एक बरणी
स्तामेन द्रागनेव माझ्या टेबलावर ठेवतो.
झाकणावर मेणाचा थेंब अजून चिकटलेला.
"खरवडून काढ," म्हणतो,
"मेण नाही मोजायचं."

मी क्रमांक लिहिते. गाव लिहिते. फुलोरा कोणता?
"लिंडन," आणि जरा थांबून,
"आणि भट्टीच्या भिंतीला जे काही उगवतं ते.
माशीला कुंपण कळत नाही."

शिशाची भट्टी बंद होऊन सहा वर्षं झाली.
धुराडं उभंच आहे, पाडायला पैसे नाहीत,
वर करकोच्यांनी काटक्या रचल्यात.
कंपनीनं जाता जाता गावाला मधाचं बोट लावलं:
माती बदलू, नळ बदलू, मुलांचं रक्त तपासू.
रक्त तेवढं तपासलं.
स्तामेनची नात एलित्सा तेव्हा तीन वर्षांची.
आता नऊची आहे, आणि
बुधवारनंतर कोणता वार, इथे रोज अडते.
कागदावर लिहून आलं होतं, स्रोत अनिश्चित.

"स्रोत आणलाय," स्तामेन म्हणतो,
आणि बरणी आणखी बोटभर पुढे सरकवतो.

मला हवा अर्धा ग्रॅम.
मध तुटत नाही, तार धरून राहतो,
तराजूतला शेवटचा आकडा थरथरत राहतो.
मग नायट्रिक आम्ल, मग उष्णता.
तपकिरी वाफ. गवती पिवळा रंग.
मग नुसतं पाणी.
लिंडन गेलं, गोडी गेली, संतही गेला,
जे जळत नाही तेवढं उरलं.

पडद्यावरची रेघ सपाट.
रिकामी कुपी लावून पाहते. सपाट.
माहीत असलेल्या शिशाची कुपी लावते, ती उसळते,
म्हणजे यंत्र शुद्धीवर आहे.
पुन्हा एकोणचाळीस.
मर्यादेच्या कितीतरी खाली.

चांगली बातमी सांगायला
मला इतका वेळ कधी लागला नव्हता.

"स्वच्छ?"
"स्वच्छ."
"कोर्टात हे वाचून दाखवतील."
"हो."
तो माझ्यावर चिडत नाही. बरणीकडे बघतो,
ऐन साक्षीला घरचं माणूस फिरावं
तसा.

माझे वडील त्याच भट्टीत होते.
फॉर्मवर हे लिहायला जागा नाही.

तो दाराशी पोचल्यावर विचारते,
पेट्यांसमोर मेलेल्या माश्या पडतात, त्यांचं काय करता?
"झाडून टाकतो."
"झाडू नका. घेऊन या."

गुरुवारी आगपेटी घेऊन आला.
आत तीसेक माश्या, पाय पोटाशी घेतलेल्या,
एकीच्या मांडीला परागाची पिवळी गोळी,
घरी पोचायची राहिलेली.
वाळवल्या. कुटल्या. तेच आम्ल, तीच वाफ.
या वेळी रेघ उठली
आणि उठतच गेली. शिसं, कॅडमियम, जस्त,
भट्टीचं अख्खं हजेरीपुस्तक.

मी समजावून सांगते. वाटेतली धूळ लवेवर बसते,
फुलातलं पोटातून गाळलं जातं,
पोळ्यात उतरतं ते गाळलेलं,
गाळ त्या स्वतःत ठेवतात.

स्तामेन ऐकतो. कान चांगला असलेली बाजू माझ्याकडे करून
पुन्हा सांगायला लावतो. मी पुन्हा सांगते.
कोर्ट माश्यांचं मानेल का, विचारतो.
मला माहीत नाही, म्हणते. खरंच माहीत नाही.

मग बराच वेळ तो खिडकीतून
धुराड्याच्या दिशेनं बघत राहतो,
जरी इथून ते दिसत नाही.

"बरणी राहू दे तुला," उठताना म्हणतो.
"आगपेटी मात्र दे.
घरी काड्या टेबलावर मोकळ्या पडल्यात,
आणि पोरगी हात लावते."